दोन्हीकडची

"चेडवाक खयय देवा," माझ्या लग्नाचा विषय निघाला तशी आई म्हणाली. "मुंबैक देवा, घाटार देवा. पण नदीपलीकडे देऊ नकात."

बाबा ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. हातातली गाठ पुरी करून त्यांनी दोरा दाताने तोडला.

"नदीपलीकडे काय वाघ आसत?"

"माझा माहेर आसा."

"मग तर बराच झाला. तुझ्याच गावात जाता चेडू. खयची आवस असा नको म्हणात?"

आई उंबऱ्याशी पाय लांब करून बसली होती. आदल्या पावसाळ्यात बंदरावर डोक्यावर माशांची टोपली घेऊन ती घसरली, तेव्हापासून तिची कंबर गेलेली. मांडी घालता येत नव्हती, फार वेळ उभं राहता येत नव्हतं. ती बाबांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुमका म्हायत आसा, मी कित्याक सांगतंय ता."

बाबांनी नवा दोरा ओवला. मी मागच्या पडवीत सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, निवडत होते. हात सुंगटांत आणि कान ओसरीवर. आईचं बोलणं ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या आईला मी मुंबईला गेलेली चालणार होते, घाटावर कुठे भाकऱ्या थापत बसलेली चालणार होते, पण जवळ नको होते! तो राग मी बरेच दिवस जपून ठेवला.

थोड्या वेळाने बाबा मागे आले, माझ्याजवळ उकिडवे बसले.

"मथू, पलीकडे गेलंस तर रोज सकाळी तुझ्या चुलीचो धूर माका दिसतलो. मुंबैत कोणाचो धूर कोण वळाकतलो गो?"

मी हसले आणि लगेच रडले. बाप असं म्हणाल्यावर कुठली मुलगी विरघळणार नाही? मी तर आधीच निम्मी विरघळलेली होते.

आमच्या शेरवीला नदी म्हणायचं ते मायेपोटी. सड्याच्या कातळपठारावरच्या दोन झऱ्यांपाशी ती सुरू होते आणि सकाळी तिथून सुटलेली म्हैस चरत चरत दुपारी तिच्या मुखाशी पोचते, एवढीच तिची लांबी. त्यातही अर्धीअधिक समुद्राने बळकावलेली. भरतीला समुद्र आत चढत येतो आणि गोडकोंड नावाच्या कातळाला टेकून थांबतो. कातळाच्या वर पिण्याचं पाणी, खाली खारं. गोडकोंडाखाली नदीला एक मोठं वळण आहे आणि वळण संपलं की मध्येच कांदळवनाने भरलेलं बेट. आम्ही त्याला जुवा म्हणतो. जुव्यापाशी नदी दुभंगते. उत्तरेचा फाटा आमच्या मळेबंदराला लागून जातो, दक्षिणेचा पलीकडच्या पाणकोंड गावाला लागून. जुवा संपला की दोन्ही फाटे पुन्हा एक होतात आणि वाळूच्या दांड्याला वळसा घालून समुद्राला मिळतात. झाली नदी.

पण ते शेवटचं मुख म्हणजे सोन्याचा तुकडा. तिथे खुंट ठोकून जाळी लावली की ओहोटीबरोबर कोळंबी आपण होऊन जाळ्यात येते. जागा मात्र एकाच गावाची जाळी मावतील एवढी. उरलेल्या गावाने वर्षभर उथळ पाण्यात शिंपल्या वेचायच्या नाहीतर पावसाळी समुद्रात जीव घालायचा. म्हणून मुख कोणाचं, यावरून जुन्या काळी डोकी फुटली होती म्हणतात. मग कोणा शहाण्याने तो निवाडा नदीवरच सोपवला.

नारळी पौर्णिमेला भरती दुपारी पुरी होते. त्या वेळी गोडकोंडाच्या पायरीवरून एक नारळ सोडायचा. तो जुव्याच्या ज्या फाट्याने उतरेल त्या गावाचं मुख, पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत. नारळ सोडणारी बाई दोन्हीकडची पाहिजे, म्हणजे जन्म एका तीरावरचा आणि सासर दुसऱ्या तीरावरचं. नारळ कुठूनही गेला तरी तिचं एक घर अर्धपोटी राहणार, तेव्हा ती कोणाची बाजू घेणार नाही असा त्यामागचा विचार. नारळ कधी सोडायचा तेही तिनेच ठरवायचं. भरती संपल्यावर आणि ओहोटी लागण्याआधी पाणी थोडा वेळ उभं राहतं. ते काठावरून कळत नाही, ज्याच्या पोटऱ्या पाण्यात असतील त्यालाच कळतं. पाणी उभं राहिलं की नारळ सोडायचा. त्या वेळी गोडकोंडावर दुसरं कोणी थांबायचं नाही. दोन्ही गावांची माणसं खाली जुव्यासमोर आपापल्या काठावर उभी राहायची.

माझ्या जन्माच्या आधीपासून ही बाई म्हणजे माझी आई. ती पाणकोंडाची लेक, मळेबंदराची सून. आणि तिच्या हातचा नारळ बहुतेक वर्षी आमच्याच फाट्याने यायचा. मधूनच एखाद्या वर्षी पाणकोंडाला मुख मिळायचं, पण ते सणासुदीसारखं. आम्ही म्हणायचो, नदी आपल्यावर प्रसन्न आहे. पाणकोंडवाले म्हणायचे, सत्यभामेच्या हाताला गुण नाही. तिचा सख्खा भाऊ बाजारात समोर आला तर मान वळवून जायचा. मी तिला माहेरी गेलेली कधी बघितलीच नाही. दोन्ही गावांत मुली द्यायचं-घ्यायचंही जवळजवळ बंद पडलं होतं.

म्हणून बाबांनी पाणकोंडात जाऊन जयराम सारंगांचं स्थळ माझ्यासाठी आणलं, तेव्हा दोन्ही तीरांवर त्यांचं कौतुक झालं. भिकाजी तांडेलाने पोटची पोर देऊन वैर मिटवलं, असं जो तो बोलू लागला. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

बाबांची मी लाडकी, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. धाकट्या दोघींना होडीत जागा नसायची, मला असायची. शाळेला सुट्टी असली की बाबा मला गोडकोंडापर्यंत न्यायचे. नारळाची सुकी सोडणं, म्हणजे वरची सालपटं, आम्ही बरोबर घ्यायचो आणि एकेक पाण्यात सोडायचो.

"आता सोडलंय तर खय जातला?" बाबा विचारायचे.

पाणी उभं असताना सोडलेल्या सोडणाचं काही सांगता यायचं नाही. ते रेंगाळत निघायचं, कधी दक्षिणेच्या फाट्यात शिरायचं तर कधी उत्तरेच्या. पाण्याची लहर. पण थोडं थांबलं, तर वळणाच्या तोंडाशी फेसाची एक बारीक रेघ उमटते. ओहोटीने जोर धरला याची ती खूण. पायरीवरून वाकून बघणाऱ्यालाच ती दिसते. रेघ दिसल्यावर सोडलेलं सोडण हटकून उत्तरेला जायचं. ओहोटी त्याला वळणाच्या बाहेरच्या अंगाला ढकलायची आणि थेट आमच्या फाट्यात घालायची.

"उत्तरेक!" मी ओरडायचे आणि तसंच व्हायचं. बाबा खूश होऊन माझ्या डोक्यावर टपली मारायचे.

तुम्ही म्हणाल, एवढी हुशार होतीस तर तुझ्या डोक्यात आलं कसं नाही? नाही आलं. सोडण म्हणजे खेळ आणि नारळ म्हणजे देवाचा, अशी माझी समजूत. आणि खेळ माझ्या बाबांबरोबरचा.

वैशाखात लग्न झालं. होडीतून वरात गेली. आई कंबरेचं निमित्त सांगून घाटापर्यंतसुद्धा आली नाही. मी वळून बघितलंही नाही.

जयराम बोलायला कमी होते. (त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे, आता लिहिताना घेते.) माझ्या सासूबाईंनी मात्र मला हातांवर झेललं. श्रावण लागला आणि यंदा सत्यभामा पाण्यात उभी राहू शकत नाही हे दोन्ही गावांना कळलं, तेव्हा दुसरी दोन्हीकडची बाई शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही. सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या, "आता नदी आमच्या घरात इली."

मला मात्र धडकी भरली. त्या दिवसांत एकदा मी विहिरीवर कपडे धूत होते. जयराम आले, कळशी भरली आणि ती खांद्यावर न घेता तिथेच उभे राहिले.

"सगळी कायबाय सांगतली तुका," ते म्हणाले. "कोणाचा आयकू नको. पाणी उभा रवला की सोड."

"आणि उत्तरेक गेलो तर?"

"गेलो तर गेलो. मी तुका बोलूचंय नाय."

एवढं बोलून ते कळशी घेऊन गेले. तोपर्यंत माझं त्यांच्याशी लग्न झालं होतं एवढंच. त्या दुपारी मी त्यांना मनापासून नवरा मानलं आणि ठरवलं की या माणसासमोर आपली मान कधी खाली जाता कामा नये.

नारळी पौर्णिमेला पाऊस उघडला होता. नारळ माहेरचा आणि होडी सासरची, अशी रीत. जयराम होडी घेऊन वळणाखाली थांबले. नारळ सोडला की मी त्या होडीत बसायचं, बरोबर माहेरचा एक आणि सासरचा एक माणूस, आणि नारळाला न शिवता त्याच्या मागून जायचं. माहेरचा माणूस म्हणजे अर्थातच बाबा. ते लाल फडक्यात नारळ घेऊन कातळावर आले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच एकटी भेटत होते. 

"बरी आसस मा गो?"

"बरी आसंय. आये कशी आसा?"

"आसा." त्यांनी नारळ माझ्या ओटीत ठेवला, फडकं नीट केलं. मग वळणाकडे बघत, सोडणं सोडायच्या वेळी बोलायचे त्याच सुरात म्हणाले, "फेसाची रेघ दिसली की सोड."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसून म्हटलं, "बाबा, आज खेळ नाय हा. पाणी उभा रवला की सोडूचो."

"रेघ दिसल्यार," ते म्हणाले. "कोणाक कळाचा नाय. पाण्यात तू एकटी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते.

"बाबा, माझा सासर आसा ता."

"सासरचे काय मराचे नाय. इतकी वर्सा खय मेले? आणि दर वर्सा नको करू. मी सांगान तेव्हाच. मधीच एखादा वर्स पाण्याच्या मर्जीर सोडूचा, नायतर लोकांका संशय येता. तुझ्या आवशीक ह्या इतक्या समजवूक लागला नाय."

"आयेक?"

"मग काय वाटला तुका? नदी आमच्यार खूश होती?" बाबा हसले. भूत-बीत काही नसतं, हे मोठ्या झालेल्या पोराला सांगताना हसतात तसे. "तिना पयल्या वर्सा थोडी रडारड केल्यान. मगे कधी तोंडातसून शब्द काढल्यान नाय. तुका तर लानपणापासून शिकयलंय मी. तुका काय कठीण?"

 होडीत मला जागा का होती आणि बहिणींना का नव्हती, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. थोरली मी, आधी लग्नाची मी. स्थळ पलीकडचं का, तेही कळलं. आई उंबऱ्यात बसून कोणाला वाचवत होती ते कळलं, आणि मी तिच्याकडे वळूनही न बघता होडीत बसले होते. अख्खं बालपण एका क्षणात हातातून गेलं. बापाने मला वाढवलं ते आज दुपारसाठी. इतकं फसल्यासारखं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही, आणि फसवणारी माणसं पुढेही भेटलीच.

"आणि धूर?" मी विचारलं.  "माझ्या चुलीचो धूर दिसतलो म्हणून सांगल्यात ता?"

बाबा गोंधळले. "दिसता मा. रोज बघतंय. काल तुमची चूल उशिरान पेटली."

ते खरं बोलत होते. रोज सकाळी बंदरावर उभं राहून माझा धूर बघत होते आणि त्याच माणसाने मला या पायरीवर आणून उभं केलं होतं. लबाडच असते तर मी त्यांना एकदाची मनातून काढून टाकलं असतं. तसं करता आलं नाही, आजही येत नाही.

"मळेबंदरात पण चुली आसत गो बाय," जाताना ते हळूच म्हणाले. "त्या पेटूक होयत." आणि कातळ उतरून वळणाखाली होडीकडे गेले. तिथून पायरी दिसत नाही.

मी पाण्यात उतरले. गुडघ्याखाली पाणी अजून वर चढत होतं, पोटऱ्यांना मागून रेटत होतं. ओटीतला नारळ मी दोन्ही हातांत घेतला. रडू येत होतं, पण रडले तर पायाखालचं कळणार नाही म्हणून दात आवळून धरले. रेटा मंदावला. आणखी मंदावला. मग पाणी उभं राहिलं. पुढे नाही, मागे नाही, पायांना कसलीच ओढ नाही. वळणाच्या तोंडाशी फेस नव्हता. दोनदा बघितलं, फेस नव्हता. मी नारळ सोडला.

कातळावरून उतरून होडीत जाऊन बसले. जयराम वल्ह्यावर होते, बाबा पुढच्या टोकाला. कोणी काही विचारलं नाही, विचारायची रीत नव्हती. नारळ वळणातून आला तो रमतगमत. त्याला कसली घाई नव्हती. बाबा त्याच्यावरून नजर हलवत नव्हते आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत होती. मला मनातल्या मनात समाधान वाटलं. म्हटलं, आता कळेल त्यांना. जा रे नारळा, जा दक्षिणेला, माझ्या सासरच्यांच्या पानात एक वर्ष कोळंबी पडू दे आणि बाबांना कळू दे की मी सत्यभामेची लेक असले तरी माझ्यावर कोणाचा हुकूम चालत नाही.

जुवा जवळ आला. दोन्ही काठांवर माणसंच माणसं, पण आवाज नाही. नारळ दक्षिणेच्या फाट्याच्या तोंडाशी गेला. पाणकोंडाच्या काठावरून एका म्हातारीने हात जोडलेले मला दिसले. नारळ तिथे थांबला, स्वतःभोवती फिरला, जुव्याच्या मुळ्यांना एकदा लागला. आणि तिथून सुटून सावकाश, अगदी सावकाश, उत्तरेच्या फाट्यात शिरला.

मळेबंदराच्या काठावर ढोल वाजला. पाण्याची लहर, दुसरं काय? नदीने खरोखरच आपल्या मर्जीने निवाडा केला होता. कदाचित कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिला तशी संधी मिळाली होती, आणि तिने ती अशी वापरली.

बाबा मोठ्याने हसले. उठून होडी डुचमळवत माझ्याकडे आले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

"शाबास! माझा चेडू ता!"

वल्ह्याचा आवाज थांबला. मी जयरामांकडे बघितलं. ते बाबांच्या हाताकडे बघत होते.

"मी पाणी उभा रवल्यावरच सोडलंय," मी म्हटलं. "फेस नव्हतो. बाबा, माझ्या गळ्याची आण. फेस नव्हतो."

"व्हय तर!" बाबांनी डोळा बारीक केला. "तसाच सांगूचा. सगळ्यांका तसाच सांग."

जयराम पुन्हा वल्हं मारू लागले. पाणकोंडाच्या काठावरची माणसं पांगत होती.

घरी सासूबाईंनी मला जेवायला वाढलं, भात नेहमीपेक्षा जास्तच वाढला. पण त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नदी घरात आली म्हणून त्यांनी साऱ्या वाडीला सांगितलं होतं, आता कुठल्या तोंडाने बाहेर पडणार? तिन्हीसांजेला जयराम अंगणात आले. मी तुळशीपाशी दिवा लावत होते.

"एक इचारू?"

"इचारा."

"कधी सोडलंस?"

"पाणी उभा रवल्यावर."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं, मानलं यांनी. पण ते तिथेच उभे राहिले.

"मग तुझो बापूस तसो कित्याक हसलो?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. बाबा कातळावर काय म्हणाले ते सांगितलं असतं तर त्याच घटकेला मी सुटले असते. पण ते सांगायचं म्हणजे आईचं सगळं सांगायचं. इतकी वर्षं पाणकोंडाच्या तोंडचा घास तिच्या हाताने गेला, तिने जाणूनबुजून घालवला, हे तिच्या माहेरात तिच्याच लेकीच्या तोंडून जाणार. नुसती हाताला गुण नसलेली बाई म्हणून तिचं माहेर तुटलं होतं. हे कळल्यावर त्यांनी तिचं काय केलं असतं? ती कंबर गेलेली, धड पळूही न शकणारी. मी दिव्याची वात पुढे सारली आणि म्हटलं, "माका म्हायत नाय."

"बरा," जयराम म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. त्या दिवशी नाही, पुढे कधीही ते मला नारळावरून एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते, एकदा तोंडावर खोटारडी म्हटलं असतं, तर मी भांडले असते. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही. आम्ही संसार केला, मुलं झाली, आजारपणं काढली. पण मी एखादी साधी गोष्ट सांगितली, दूध नासलं म्हणून सांगितलं, तरी ते आधी क्षणभर माझ्या तोंडाकडे बघायचे. शेवटपर्यंत. पुढच्या वर्षी पाणकोंडाने मला पाण्यात उतरू दिलं नाही. दुसरी बाई मिळाली नाही, भांडणं झाली आणि थोड्याच वर्षांत ती रीतही मोडली.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मला एकच ध्यास लागला होता, माहेरी जाऊन आईला भेटायचं. जगाने मानलं नाही तरी आई मानेल. तिला सगळं माहीत होतं, मला काही उलगडून सांगावं लागणार नव्हतं. आणि मला तिच्यापुढे थोडी मिरवायचंही होतं, खोटं कशाला बोलू? तुला जमलं नाही ते मी करून दाखवलं, आता तू मोकळी झालीस, असं तिला म्हणायचं होतं. तिला पाठ दाखवून होडीत बसले त्याची भरपाईही करायची होती.

गौरी गेल्यावर सासरहून पाठवणी झाली. घाटावर बाबा घ्यायला आले होते. मी त्यांच्याशी बोलले नाही आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. बंदरावर पहिली कोळंबी उतरत होती, ते त्याच आनंदात.

आई खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिने दोन्ही हात पुढे केले. मी तिच्या कुशीत शिरले. कधीपासून आवरून धरलेलं रडू तेव्हा आलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रड," ती म्हणाली. "रडान घे. तुझो काय दोष नाय गो. मी खूप अडवलंय, पण तेंनी आयकल्यानी नाय."

"आये, आयक. मी नाय केलंय तसा."

"व्हय."

"फेसाची रेघ दिसाक मी थांबलंयच नाय. पाणी उभा रवला आणि सोडलंय. तो आपसूक उत्तरेक गेलो. देवाची आण, आये, आपसूक गेलो."

आईने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पदराने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला वाटलं, पोचलं, हिच्यापर्यंत तरी पोचलं.

"व्हय गो बाय," ती म्हणाली. "पयल्या वर्सा मीय सगळ्यांका असाच सांगत होतंय."